शिड्यांच्या बाजूने

कळसूबाईच्या लोखंडी शिड्या काढून टाकाव्यात, असं माझं कित्येक वर्षं ठाम मत होतं. मी ते बोलून दाखवायचे, वेळ मिळेल तिथे लिहायचे, नव्याने डोंगरात येणाऱ्या मुलामुलींच्या गळी उतरवायचे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर, आणि त्याच्या कातळाला भोकं पाडून लोखंड ठोकलेलं. मला तो डोंगराचा अपमान वाटायचा. आज वाटत नाही. शिड्या हव्यात, भक्कम हव्यात, त्यांची देखभाल दरवर्षी व्हायला हवी आणि त्या बसवताना लहान मुलांचा विचार व्हायला हवा, असं मी आता म्हणते. माझ्या जुन्या सोबत्यांपैकी काहींना हे मुळीच पटलेलं नाही. "तू आई झालीस म्हणून बदललीस," असं एकाने तोंडावर सांगितलं. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. आई झाले नसते तर मला हे दिसलं नसतं. पण जे दिसलं ते माझ्या एकटीच्या सोयीचं नाही, म्हणून लिहायला बसले.

आधीचं मत कुठून आलं ते सांगायला हवं, कारण ते उथळ नव्हतं. मी नाशिकची. कॉलेजात असताना ज्या मंडळींबरोबर डोंगरात जायला लागले, त्यांच्याकडून दोर टाकायला शिकले, गाठी शिकले, आणि त्याबरोबर एक शिस्तही शिकले. डोंगरावर आपली खूण ठेवायची नाही. कातळात खिळा मारायचा तर दहादा विचार करायचा. आपला कचरा आपल्याच सॅकमधून परत आणायचा, पिण्याच्या टाक्यात पाय घालायचे नाहीत, गुहेच्या भिंतीवर नाव लिहिणारा सापडला तर त्याला ते तिथल्या तिथे पुसायला लावायचं. या संस्कारात वाढलेल्या माणसाला कड्यावर बसवलेली शिडी बघवत नाही. शिवाय आमचा एक हिशेब होता आणि तो आम्हाला बिनतोड वाटायचा. वाट अवघड राहिली तर ज्याला खरी ओढ आहे तोच वर येईल. अवघडपणा ही डोंगराची स्वतःची चाळणी आहे, शिडी लावली की ती फाटते, असं आमचे एक ज्येष्ठ सोबती म्हणायचे आणि मीही ते वाक्य माझंच असल्यासारखं वापरायचे.

त्या चाळणीत वर काय राहतं आणि खाली काय पडतं, हे मात्र आम्ही कधी बारकाईने पाहिलं नव्हतं.

मुलगा झाला आणि माझं डोंगरात जाणं थांबलं. कुणी बंदी घातली नव्हती. नवऱ्याने उलट आग्रहच केला. पण डोंगरात जाणाऱ्या घरांमधून एक गोष्ट न बोलता ठरलेली असते. सगळे मिळून निघतात, पायथ्याच्या गावापर्यंत गाडीत गाणी म्हणत जातात, आणि मग पुरुष वर जातात आणि बाई मुलाला घेऊन देवळाच्या ओट्यावर थांबते. मी अशी थांबले आहे. रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ आहे, त्याचं कोरीवकाम बघण्यासारखं आहे, शेजारची पुष्करणी सुंदर आहे, आणि तिथे मुलाला मांडीवर झोपवून मी दिवसभर रतनगडाच्या दिशेने बघत बसले होते. माझ्यासारख्या आणखी दोघीजणी होत्या. त्यातली एक लग्नाआधी माझ्याबरोबर दोरावर चढलेली. संध्याकाळी वरची मंडळी उतरली, नेढ्यातून, म्हणजे गडाच्या कातळातल्या आरपार भोकातून, आलेल्या वाऱ्याचं वर्णन करू लागली, आणि आम्ही त्यांना चहा दिला. मला त्या दिवशी राग आला नव्हता. हे असंच असतं असं वाटलं होतं. पुढे मुलगी झाली आणि ते आणखी काही वर्षं तसंच राहिलं.

मुलगा नऊ वर्षांचा आणि मुलगी सहाची झाली तेव्हा कळसूबाईला जायचं ठरलं. ठरवलं माझ्या आईने. तिला देवीची ओटी भरायची होती. तिचं वय पासष्टच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे, पण खालच्या देवळापर्यंत तरी नेच म्हणाली. मी म्हटलं, मुलांनाही घेऊ. नवरा म्हणाला, "शिड्या आहेत म्हणून नेतेस?" त्याला माझी मतं तोंडपाठ. मी गप्प बसले.

पावसाळा टाळला. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी त्या वाटेवर मुलांना नेऊ नये असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. धुकं, गर्दी, भिजलेलं लोखंड आणि माथ्यावरचा वारा. लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा फार लवकर गार पडतं, आणि ते बोलून दाखवायच्या आधीच ते गळून बसतं. नाताळच्या सुट्टीत एक मंगळवार धरला. मंगळवारी आणि गुरुवारी वर देवीची पूजा असते, त्यामुळे वाट अगदी निर्मनुष्य नसते आणि रविवारसारखी तुंबलेलीही नसते. नाशिकहून अंधारात निघालो, घोटीवरून बारीला पोचलो तेव्हा चुलींचा धूर गावावर आडवा पसरला होता. अकोले तालुक्यातलं हे महादेव कोळी वस्तीचं गाव. इथून शिखरापर्यंत आठशे-नऊशे मीटरांची उभी चढण आहे, आणि शिड्या असल्या तरी ती एका मीटरानेही कमी होत नाही. ही साधी गोष्ट मी इतकी वर्षं बोलताना वगळत होते. शिडी कातळाचा टप्पा पार करून देते. बाकीचा डोंगर ज्याचा त्याला चढावा लागतो.

सुरुवातीची शेतं, मग झाडी, मग सोंडेवरची दगडांची वाट. मोठी माणसं हा डोंगर तीन तासांत चढतात. आम्हाला पाच लागले. मुलगा बापाबरोबर पुढे, मुलगी माझ्याजवळ, आई सगळ्यांत मागे काठी टेकत. मुलीच्या पाठीवर छोटी पिशवी होती, तिच्यात आजीने दिलेलं ओटीचं सामान: खण, नारळ, हळदकुंकवाच्या पुड्या. नारळ जड होता, मी घेते म्हटलं तर द्यायला तयार नव्हती. सोंड चढताना तिला मी कळसूची गोष्ट सांगितली. इथल्या कोळ्यांची ती मुलगी. दुसऱ्याच्या घरी कामाला राहिली ती एका अटीवर, की केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. एके दिवशी तिला तेच काम करायला लावलं, तेव्हा ती निघाली आणि डोंगरावर जाऊन राहिली, ती परत उतरलीच नाही, अशी कथा सांगतात. मुलीने लगेच विचारलं, "मग तिला जेवायला कोण देत होतं?" मला उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने ती आपणच म्हणाली, "वर जाऊन बघू."

वाटेतच देवीचं एक लहान देऊळ लागतं. ज्यांना पुढे चढवत नाही ते तिथे हात जोडून माघारी फिरतात. आईने तिथे नमस्कार केला, पण थांबली नाही. पहिली शिडी ती चढली. दोन्ही कठडे घट्ट धरून, दर दोन पायऱ्यांना थांबत, चेहऱ्यावर असा काही निश्चय की मला बोलायची हिंमत झाली नाही. त्यानंतरच्या चढावर मात्र तिचे गुडघे बोलू लागले. वाटेकडेला एका बाईने चार काठ्यांवर कापड टाकून ताक आणि काकड्या मांडल्या होत्या. आई तिथल्या दगडावर बसली आणि म्हणाली, "माझी ओटी हिच्या पाठीवर आहे. ही जाईल. मी इथे बसते." मुलीने पिशवीचे पट्टे आवळले.

पुढची शिडी उभी होती.

त्या शिडीवरची दहा-पंधरा मिनिटं मला आजही क्षणाक्षणाने सांगता येतील. लोखंडी पायऱ्या, दोन्ही बाजूंना पाइपांचे कठडे. माझ्यासाठी तो जिना होता. मुलीसाठी नव्हता. प्रत्येक पायरी तिच्या गुडघ्याच्या वर यायची, आणि कठड्याचा वरचा पाइप तिच्या डोक्याच्या उंचीला. तो धरायचा तर हात ताणून पूर्ण उंच करावा लागायचा, आणि मग पाय उचलायला अंगात जोर उरायचा नाही. दोन-तीनदा तसं करून पाहिल्यावर तिने आपणच युक्ती काढली. वरचा पाइप सोडून दिला आणि कठड्याचे उभे दांडे धरले. डाव्या हाताने एक दांडा, उजव्या हाताने पुढचा, मग पोट पायरीला टेकवून एक गुडघा वर, मग दुसरा. मी तिच्या मागे एक पायरी खाली, दोन्ही हात दोन्ही कठड्यांवर, माझ्या छातीपुढे तिची पाठ. तिला मी धरलं नव्हतं. धरलं की मूल आपलं वजन सोडून देतं, हे दोरावर शिकलेलं इथे कामी आलं. फक्त मागे पडायला जागा ठेवायची नाही.

मधोमध ती थांबली. तळहात पाइपावर सपाट ठेवून म्हणाली, "आई, हे हलतंय."

वरून कुणीतरी उतरत होतं आणि त्याच्या पावलांनी सगळी शिडी बारीक थरथरत होती. मोठ्यांना ते जाणवतही नाही. तिच्या तळहाताला ते लख्ख कळत होतं. मी म्हटलं, "वरचे काका उतरतायत. ते गेले की थांबेल. आपण थांबू." आम्ही कडेला सरकून थांबलो. काका आले, मुलीकडे बघून जपून पाऊल टाकत खाली गेले. शिडी शांत झाली. तिने पुन्हा तळहात ठेवून पाहिलं, थोडा वेळ तसाच ठेवला, मग नीट खात्री झाल्यावर पुढचा दांडा धरला. डोळ्यांत पाणी होतं, पण रडली नाही.

मी तिथे उभी असताना माझी नजर सवयीने शेजारच्या कातळाकडे गेली. बेसॉल्टच्या आडव्या थरांचा कातळ, पकडी मुबलक, पाय ठेवायला कपाऱ्या. शिडी नसती तर हा टप्पा आम्ही "अगदी सोपा" म्हणून सोडून दिला असता, आणि कॉलेजात असताना मी तो हसतखेळत चढले असते. पण सगळ्या पकडी मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावर होत्या. सहा वर्षांच्या मुलीसाठी तिथे काहीच नव्हतं. एका कपारीपासून दुसऱ्या कपारीपर्यंत तिचा हात पोचलाच नसता. डोंगराच्या सोप्या-अवघडाची जी मापं मी आयुष्यभर वापरली, ती एका विशिष्ट उंचीच्या, विशिष्ट वयाच्या शरीरावर घेतलेली होती. साडी नेसलेल्या बाईचं माप त्यात नव्हतं, कडेवर मूल असलेल्या बाईचं नव्हतं, माझ्या आईचंही नव्हतं.

शिडी नसताना मी मुलीला वर नेलंच नसतं का? नेलं असतं. दोर लावून. माझ्याकडे दोर आहे, तिच्या मापाचं हार्नेस विकत घ्यायला पैसे आहेत, दोर सांभाळणारा नवरा आहे, आणि हे सगळं शिकवणारी माणसं मला तरुणपणी भेटली. म्हणजे आधाराशिवाय चढणं हा आमचा अभिमान मुळात तपासून बघण्यासारखा आहे. आम्ही आधार घेतोच. आमचा आधार आमच्या सॅकमधून येतो आणि आमच्याबरोबर घरी जातो. शिडी तिथेच राहते आणि बारीतली कुणीही बाई उद्या सकाळी तिचा उपयोग करू शकते. कातळाला भोकं पडतात हे खरं आहे, ते मला आजही आवडत नाही. पण दोन्ही गोष्टी समोर ठेवल्यावर आता मला कौल द्यायला वेळ लागत नाही.

मुलाची गोष्ट वेगळी होती, आणि मुलांना डोंगरावर नेणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी. सहा वर्षांचं मूल घाबरतं आणि ती भीती त्याला सांभाळते. नऊ वर्षांचं मूल घाबरत नाही. तो शिडीवर दोन-दोन पायऱ्या एकदम घ्यायचा, मागे वळून हात करायचा. चढताना बापाला त्याला सतत आवरावं लागलं आणि उतरताना तर त्याच्यावरून नजर हलवता आली नाही. उतरताना आम्ही दोघांनाही शिडीकडे तोंड करून उतरवलं, मोठं माणूस आधी खाली, मूल त्याच्या वर. सरळ समोर बघत जिन्यासारखं उतरायला निघालेलं मूल दरीकडे बघतं, आणि दृष्टिभयाने एकदा का जागच्या जागी थिजलं की त्याला ना वर नेता येतं ना खाली. त्यातही धोका शिडीवर कमी आणि शिड्यांमधल्या घसाऱ्यावर जास्त. मुरुमावरून सरकून मुलगा एकदा सपशेल बसला, कोपर सोलवटलं. बाकी कुणाला खरचटलंही नाही.

शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे. तिथे मुलांना पाणी पाजलं, थालीपिठाचे तुकडे आणि गूळ-शेंगदाणे खायला घातले. लहान मुलांना तहान कळत नाही, ती मागतील म्हणून थांबू नये. मग वर. माथ्यावर वारा कापत होता. देऊळ अगदी छोटं, दोन-तीन माणसांत भरून जाणारं. मुलीने खण आणि नारळ ठेवला, आणि बाहेर येऊन चौफेर बघून म्हणाली, "इथे स्वयंपाकघर नाहीये." तिचा सकाळचा प्रश्न अजून संपला नव्हता.

दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी चमकत होतं, त्यापलीकडे रतनगड. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले एका ओळीत. मी मुलाला मदन दाखवला. तिथे मी दोराने चढले आहे हे त्याला ऐकून माहीत होतं. त्याने विचारलं, "पूर्वीचे लोक पण दोरानेच जायचे?" मी सवयीने सांगायला लागले, की नाही, पूर्वी तिथे कातळात खोदलेल्या पायऱ्या होत्या. १८१८ मध्ये पेशवाई संपली, तेव्हा इंग्रजांना या किल्ल्यांची धास्ती होती. कॅप्टन ब्रिग्जने नाशिककडच्या किल्ल्यांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, म्हणजे पुन्हा कुणी वर जाऊन बसू नये. म्हणून आता दोर लागतो.

हे मी पूर्वी कितीतरी जणांना सांगितलं आहे, आणि दर वेळी हळहळून सांगितलं आहे. त्या दिवशी सांगता सांगता थबकले. कुणी वर जाऊ नये म्हणून ब्रिग्जने पायऱ्या तोडल्या, आणि कुणीही वर जाऊ नये म्हणून मी शिड्या काढा म्हणत होते. कारणं निराळी, हे मान्य. पण हरिहर किल्ल्याच्या उभ्या पायऱ्यांसमोर, पायरीच्या बाजूला हात रोवायला कोरलेल्या खोबण्यांसमोर मी हात जोडते. नाणेघाटातल्या सातवाहनकाळच्या फरसबंदीवरून चालताना माझा ऊर भरून येतो. ही सगळी माणसाने कातळ फोडून केलेली सोयच आहे. ज्याने हरिहरला खोबणी कोरली त्याने नक्कीच कुणाच्या तरी हाताचा विचार केला होता. दोन हजार वर्षांपूर्वी बैलांसाठी घाट फोडला तो वारसा, आणि बारीतल्या म्हातारीसाठी शिडी बसवली तो अपमान, हे म्हणणं मला त्या माथ्यावर उभं राहून पुढे रेटता येईना.

खाली आलो तेव्हा आई आणि ताकवाली दोघी जुन्या मैत्रिणींसारख्या बोलत बसल्या होत्या. ती बारीचीच, चाळिशीची असेल. रोज सकाळी ताकाचा डबा आणि पाण्याचे कॅन डोक्यावर घेऊन ती इथवर चढते. मी तिला विचारलं, "ताई, शिड्या नव्हत्या तेव्हा गावातल्या बाया वर जायच्या का?"

ती म्हणाली, "जायच्या ना. ज्यांचे पाय धड व्हते त्या जायच्या. माझी सासू नव्हती जात. खालच्या देवळातून पाया पडायची. शिड्या झाल्यावर पहिल्यांदा वर गेली, तवा केस पांढरे झाले व्हते." मग मुलीकडे बघून म्हणाली, "नवरात्रात ये गं. हिच्याएवढ्या पोरी रांगंनं चढत्यात." आईने विचारलं, सासूबाईंना वर गेल्यावर कसं वाटलं? ताकवाली हसली. "काही बोलली नाही. तीन दिवस पाय धरून बसली, आन दुसऱ्या वर्षी पुन्हा निघाली."

इतकी वर्षं मी "शिड्यांमुळे हौशे-गवशे येतात" असं म्हणत होते, तेव्हा या सासूबाई माझ्या हिशेबात कुठेच नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांसमोर जन्मभर तो डोंगर होता, त्याच्यावर त्यांचीच देवी होती, तीही घरकाम नाकारून वर गेलेली पोर, आणि तिच्यापर्यंत पोचायला यांना म्हातारपण यावं लागलं. मी नाशिकहून येऊन त्यांच्या ओढीची परीक्षा घेणार होते. अवघडपणाची चाळणी म्हणायचे ना मी? तिच्यातून खाली पडतात त्या या. धडधाकट तरुण पोरांचा घोळका, हातात स्पीकर आणि खिशात गुटखा, तो कुठल्याही चाळणीतून आरामात वर राहतो. दोराशिवाय जाता येत नाही अशा किल्ल्यांच्या गुहांमधूनही मी दारूच्या बाटल्या गोळा केल्या आहेत, रंगाने लिहिलेली नावं घासली आहेत. कातळ माणसाची ताकद तपासतो, त्याची वृत्ती तपासत नाही.

गर्दीचा मुद्दा तरीही उरतो, आणि तो मी झटकून टाकत नाही. पावसाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी शिडीवर वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर अडकतात, कठड्यावर भार येतो, मागून ढकलाढकली होते. तिथे एक दिवस काही वाईट होईल ही धास्ती मला आहे. हा सगळा परिसर १९८६ पासून अभयारण्य आहे. तिथे किती माणसं एका दिवशी यावीत याला मर्यादा घालता येते, चढायची आणि उतरायची शिडी वेगळी ठेवता येते, गावातल्याच तरुणांना दोन्ही टोकांना उभं करून त्यांना त्याचे पैसे देता येतात. गर्दी आवरायचे हे मार्ग आहेत. शिडी काढणं हा गर्दी आवरायचा मार्ग नाही, तो दुबळ्यांना वगळायचा मार्ग आहे.

सगळीकडे शिड्या लावत सुटा असं मी म्हणत नाही. हरिहरच्या कोरीव पायऱ्यांवर लोखंड ठोकलं तर मी आजही रस्त्यावर उतरेन, कारण तिथली सोय आधीच झालेली आहे आणि ती आपल्यापेक्षा कितीतरी जाणत्या हातांनी केलेली आहे. कळसूबाईला रोपवे नको. रोपवे माणसाला सामानासारखं वर पोचवतो, शिडी त्याला चढायला लावते, आणि माझ्या मुलीने त्या दिवशी जे केलं ते चढणंच होतं. मदनच्या तुटलेल्या टप्प्याबद्दल मात्र माझं मन अजून ठरत नाही. तिथे जत्रा भरत नाही, पायथ्याच्या गावची नेहमीची वाट तिथून जात नाही. ज्यांना जायचंय ते शिकून, दोर घेऊन जाऊ शकतात. पण उद्या तिथल्या गावातल्या कुणी सांगितलं की आम्हाला वर जायचंय, तर मी काय म्हणेन? पूर्वी माझ्याकडे तयार उत्तर होतं. आता मी आधी त्यांना विचारेन, कोणाकोणाला जायचंय?

मागच्या उन्हाळ्यात एका किल्ल्यावरच्या नव्या शिडीविरुद्ध आमच्या मंडळींनी निवेदन काढलं. मी सही केली नाही आणि का नाही ते कळवलं. दोघांनी बोलणं कमी केलं. एका मैत्रिणीने, जी रतनवाडीच्या देवळात माझ्याबरोबर बसली होती, फोन केला आणि म्हणाली, पुढच्या वेळी माझ्याही पोरीला घेऊन जाऊ.

माझं आता एकच मागणं आहे, आणि ते फार खर्चाचं नाही. जिथे शिड्या आहेत तिथे कठड्याला आणखी एक आडवा पाइप हवा, पायरीपासून दोन फुटांवर, लहान मुलाच्या मुठीत मावेल इतका बारीक. उभे दांडे धरून माझी मुलगी चढली, पण उतरताना ते हाताला लागत नाहीत. कुठल्याही शाळेच्या, बालवाडीच्या चांगल्या जिन्याला असा दुसरा कठडा असतो, त्यामुळे वेल्डिंग करणाऱ्याला त्यात नवीन काही शिकायचं नाही. पावसाळा संपला की नवरात्राच्या आधी सगळे जोड तपासताना तो बसवून होईल, आणि बारीतल्या ज्या मुली रांगेने चढतात त्यांना पहिल्याच वर्षी तो धरता येईल.